नागासाकीचे योगायोग

१५ ऑगस्ट हा दिवस आपल्याला दोन कारणांनी प्रिय आहे. देशाचा स्वातंत्र्यदिन आणि पवित्र मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण त्या एकाच दिवशी येतात. मिस्सा आटोपून भाविक चर्चच्या आवारात ध्वजवंदनासाठी थांबतात, तेव्हा हा दुहेरी योग कोणाच्या ना कोणाच्या बोलण्यात येतोच. इतिहासात मात्र या तारखेचे आणखी दोन पदर आहेत. संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून जपानमधील कागोशिमा बंदरात उतरले, तो दिवस होता १५ ऑगस्ट १५४९. जपानच्या सम्राटाने रेडिओवरून दुसऱ्या महायुद्धातील शरणागती जाहीर केली, तो दिवस १५ ऑगस्ट १९४५.

यातील प्रत्येक योग सारखा नाही. भारताच्या सत्तांतरासाठी लॉर्ड माउंटबॅटन यांनी ही तारीख निवडली, कारण १९४७ साली त्या दिवशी जपानच्या शरणागतीला दोन वर्षे पूर्ण होत होती आणि त्या युद्धात तेच आग्नेय आशियातील दोस्तराष्ट्रांचे सरसेनापती होते. म्हणजे आपला स्वातंत्र्यदिन आणि जपानची शरणागती यांची तारीख एक असण्यामागे साधे मानवी कारण आहे. शरणागती आणि मारियेचा सण एका दिवशी येण्यामागे असे कोणतेही कारण कागदोपत्री सापडत नाही. योगायोगांच्या कथा वाचताना ही पाखड करावीच लागते. कोणत्या योगामागे कारणांची साखळी आहे आणि कोणत्या योगापुढे आपण निरुत्तर होतो, हे वेगवेगळे ठेवले नाही तर श्रद्धा आणि भोळेपणा यांत फरक उरत नाही.

जपानमधील नागासाकी शहराच्या इतिहासात अशा योगांची एवढी दाटी आहे की कादंबरीकाराने ते रचले असते तर वाचकांनी त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता. त्यांचा अर्थ कसा लावावा या प्रश्नाने तेथील कॅथलिक समाज अनेक वर्षे आतून पोखरला गेला. या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या वसईतून निघतो, म्हणून त्याची ही थोडी सविस्तर ओळख.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६-५७च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई येथील मातीतली. येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत ते शिकले आणि पंधरा-सोळा वर्षांचे असतानाच मिशनरींबरोबर जपानला गेले. तेथे ते जपानी भाषा इतकी उत्तम शिकले की श्रद्धाशिक्षक म्हणून लोक त्यांना आपलाच माणूस समजत. येशूसंघात प्रवेश मिळण्याची त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. काही काळ त्यांनी व्यापार केला, त्यात जमही बसवला आणि अखेर फिलिपिन्समध्ये मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून ते दाखल झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता हे स्पॅनिश गव्हर्नरचे दूत म्हणून जपानच्या राज्यकर्त्याकडे, तोयोतोमी हिदेयोशीकडे निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो त्यांच्याबरोबर गेले. ज्या भाषेने त्यांना जपानी माणसांच्या जवळ नेले तिनेच त्यांना पुढे वधस्तंभापर्यंत नेले, असे म्हटले तर चूक होणार नाही. जपानी येत नसते तर त्या मोहिमेवर त्यांची निवड होण्याचे कारण नव्हते.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले. त्यातील मौल्यवान माल हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केला. वाद वाढला. मिशनरी म्हणजे स्पेनच्या सैन्याचे अग्रदूत, हा संशय बळावला आणि हिदेयोशीने अटकेचे हुकूम काढले. त्या गलबतावर फेलिपे दे हेसुस नावाचा एक तरुण फ्रान्सिस्कन होता. गुरुदीक्षेसाठी तो आपल्या मायदेशी, मेक्सिकोला चालला होता. वादळाने त्याला क्योतोच्या मठात आणून सोडले आणि तेथेच तो पकडला गेला. अशा रीतीने भारतभूमीत जन्मलेला पहिला संत आणि मेक्सिकोचा पहिला संत, दोघेही आपापल्या घरापासून हजारो मैल दूर एकाच टेकडीवर एकाच सकाळी वधस्तंभावर चढले.

एकूण चोवीस जणांना पकडण्यात आले होते. क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली, गाड्यांत घालून त्यांची धिंड काढण्यात आली आणि मग भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. हा प्रवास सुमारे महिनाभर चालला. नागासाकीच निवडण्याचे कारण उघड होते. ख्रिस्ती लोकांची सर्वांत मोठी वस्ती तेथे होती आणि दहशत तेथेच बसवायची होती. वाटेत आणखी दोघे त्यांच्यात सामील करण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर या सव्वीस जणांना वधस्तंभांवर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत सहा परदेशी फ्रान्सिस्कन होते, तीन जपानी येशूसंघीय होते आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुई इबाराकी, वय वर्षे बारा.

क्योतो ते नागासाकी हा मार्ग वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

१६१४ साली तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. मिशनरींना हाकलण्यात आले किंवा मारण्यात आले. १६४४ साली शेवटचा जपानी धर्मगुरू कोनिशी मान्शो हुतात्मा झाला आणि त्यानंतर त्या देशात मिस्सा अर्पण करणारा कोणी उरला नाही. लोकांना प्रभू येशूच्या किंवा मारियेच्या कोरीव प्रतिमेवर पाय ठेवायला लावून परीक्षा घेतली जाई. या प्रतिमेला ‘फुमि-ए’ म्हणत. नागासाकीजवळच्या उराकामी गावात ही परीक्षा गावच्या मुखियाच्या वाड्यात होई. जे पाय ठेवत ते घरी जाऊन रडत आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत.

धर्मगुरूशिवाय, देवळाशिवाय, पुस्तकाशिवाय श्रद्धा किती पिढ्या टिकेल? उराकामीच्या शेतकऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या पद्धतीने शोधले. गावात एक ‘चोकाता’ असे. पंचांग सांभाळायचे, सणांचे आणि उपवासांचे दिवस मोजून ठेवायचे, हे त्याचे काम. एक ‘मिझुकाता’ असे, तो बालकांना स्नानसंस्कार देई. तिसरा माणूस घरोघर जाऊन सणवारांचा निरोप पोहोचवी. लॅटिन आणि पोर्तुगीज प्रार्थना अर्थ न कळता मुखोद्गत केल्या जात. बाहेरून कान्नोन देवीची दिसणारी मूर्ती घरात मारिया म्हणून पूजली जाई. त्या लोकांत बास्तियान नावाच्या एका हुतात्मा उपदेशकाची भविष्यवाणी प्रचलित होती. सात पिढ्यांनंतर मोठ्या काळ्या जहाजांतून पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू येतील, असे तिचे सार होते. त्याच बास्तियानने मांडून दिलेल्या पंचांगाच्या आधारे ते वर्षाचे सण मोजत.

दरम्यान जगाला वाटत होते की जपानची ख्रिस्तसभा संपली. ८ जून १८६२ रोजी, पेंटेकॉस्टच्या रविवारी, पोप नववे पायस यांनी रोममध्ये नागासाकीच्या सव्वीस हुतात्म्यांना संतपद बहाल केले. तोवर जपानची बंदरे परकीयांसाठी उघडली होती, पण जपानी माणसाला ख्रिस्ती होण्याची बंदी तशीच होती. फ्रेंच मिशनरींनी नागासाकीत, ओउरा येथे, केवळ परदेशी लोकांसाठी म्हणून एक चर्च बांधले आणि नुकत्याच संत झालेल्या त्या सव्वीस जणांना ते अर्पण केले. चर्चचे तोंड निशिझाका टेकडीच्या दिशेला ठेवले. फेब्रुवारी १८६५ मध्ये त्याचे आशीर्वादन झाले. वसईच्या गोन्सालोचेही ते चर्च झाले.

त्यानंतर महिनाही उलटला नव्हता. शुक्रवार, १७ मार्च १८६५. दुपारी साडेबाराच्या सुमारास फादर बर्नार्ड पेटिजाँ यांना बंद दारापाशी पंधराएक माणसे उभी दिसली. स्त्रिया, पुरुष, मुले. बघ्यांसारखी दिसत नव्हती. फादरांनी दार उघडले आणि वेदीपुढे गुडघे टेकले. एक मध्यमवयीन स्त्री जवळ आली आणि छातीवर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाली की आम्हा सर्वांचे हृदय तुमच्यासारखेच आहे. तिचा पुढचा प्रश्न होता, सांता मारियेची मूर्ती कोठे आहे?

फादरांनी त्यांना मारियेच्या वेदीपाशी नेले. बाळ येशूला कडेवर घेतलेली मूर्ती पाहताच त्यांची खात्री पटली. मग बोलणे सुरू झाले. प्रभू येशूचा जन्मदिवस आम्ही पाळतो, असे त्यांनी सांगितले आणि पुढे जे सांगितले ते वाचून आजही अंगावर काटा येतो. आता दुःखाचा काळ चालू आहे, तुम्हीही तो पाळता ना? आज त्याचा सतरावा दिवस आहे.

वाचकांनी हवे तर हिशेब करून पाहावा. १८६५ साली पुनरुत्थानाचा सण १६ एप्रिलला होता, म्हणून राखेचा बुधवार १ मार्चला आला. १ मार्च हा पहिला दिवस धरला तर १७ मार्च हा प्रायश्चित्तकाळाचा बरोबर सतरावा दिवस होतो. दोनशेहून अधिक वर्षे ज्यांनी एकही धर्मगुरू पाहिला नव्हता, त्या शेतकऱ्यांचे पंचांग रोमच्या पंचांगापासून एका दिवसानेही ढळले नव्हते. मला तरी या सगळ्या कथेत याहून मोठे आश्चर्य दिसत नाही, आणि गंमत अशी की हा योगायोग मुळीच नाही. पिढ्यान्पिढ्या कोणीतरी रात्री दिव्याच्या उजेडात बोटांवर दिवस मोजत बसला होता, त्याचे हे फळ. त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही.

पुढील काही आठवड्यांत आसपासच्या गावांतून, बेटांवरून लपलेले ख्रिस्ती हजारोंच्या संख्येने पुढे आले. काहींनी फादरांना खोदून खोदून विचारले. रोमच्या मोठ्या अधिपतीने तुम्हाला पाठवले आहे का? तुम्हाला बायकामुले आहेत का? पोपमहोदय, मारिया आणि अविवाहित धर्मगुरू या तीन खुणा पूर्वजांनी त्यांना सांगून ठेवल्या होत्या.

हा आनंद अल्पायुषी ठरला. बंदी अजून उठली नव्हती. उराकामीच्या लोकांनी बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार करण्यास उघड नकार दिला आणि १८६७ साली धरपकड सुरू झाली. नव्या मेइजी सरकारनेही तेच धोरण चालवले. जवळजवळ सारे गाव, सुमारे ३,४०० माणसे, देशभरच्या निरनिराळ्या प्रांतांत हद्दपार करण्यात आली. त्यांपैकी सहाशेहून अधिक माणसे उपासमारीने, छळाने आणि आजाराने मरण पावली. पाश्चात्त्य देशांच्या निषेधानंतर १८७३ साली बंदीचे फलक काढण्यात आले आणि उरलेले लोक उद्ध्वस्त घरांकडे परतले. १८८० साली त्यांनी पैसे जमवून एक जागा विकत घेतली. ती होती मुखियाच्या वाड्याची, जेथे त्यांच्या वाडवडिलांना प्रतिमेवर पाय ठेवावा लागत असे. त्या जागेवर त्यांनी विटेवर वीट रचत महामंदिर बांधायला घेतले. १८९५ साली काम सुरू झाले, १९१४ साली अभिषेक झाला, १९२५ साली दोन घंटाघरे उभी राहिली. पूर्व आशियातील ते सर्वांत मोठे चर्च समजले जाई.

१९४५ सालच्या जुलैमध्ये अमेरिकेत अणुबॉम्बच्या लक्ष्यांची यादी तयार होत होती. त्या यादीत क्योतो होते. युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी हे शहर पूर्वी पाहिलेले होते. जपानची ही प्राचीन राजधानी नष्ट करू नये, असा त्यांनी आग्रह धरला. क्योतो वगळले गेले आणि त्याच सुमारास यादीत नागासाकीचे नाव आले. १५९७ साली सव्वीस माणसांना मरणासाठी क्योतोहून नागासाकीला नेण्यात आले होते. ३४८ वर्षांनी मरण स्वतःच त्या वाटेने गेले.

९ ऑगस्टच्या पहाटे तिनियन बेटावरून ‘बॉक्सकार’ विमान उडाले. वैमानिक मेजर चार्ल्स स्वीनी हे स्वतः कॅथलिक होते. बॉम्ब टाकण्याची जबाबदारी असलेल्या कर्मिट बीहान यांचा तो सत्ताविसावा वाढदिवस होता. विमानाचे लक्ष्य नागासाकी नव्हतेच. ते होते कोकुरा. एका टाकीतील इंधन पंप बिघडल्याने वापरता येत नव्हते, सोबतच्या विमानाची वाट पाहण्यात वेळ गेला आणि कोकुरावर पोहोचल्यावर खाली धूर व ढग यांमुळे काही दिसेना. आदल्या दिवशी शेजारच्या याहाता शहरावर आगीचे बॉम्ब टाकले होते, त्याचाही तो धूर असावा, असे सांगितले जाते. तीन फेऱ्या मारून विमान नागासाकीकडे वळले. तेथेही ढग होते. इंधन संपत आले होते. ढगांत फट दिसताच बॉम्ब सोडण्यात आला. ठरलेल्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटर दूर, उराकामीच्या खोऱ्यावर, ११ वाजून २ मिनिटांनी तो फुटला.

महामंदिर तेथून जेमतेम ५०० मीटरवर होते. स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी म्हणून त्या वेळी दोन धर्मगुरू पापनिवेदन ऐकत होते. आत असलेल्यांपैकी कोणीही वाचले नाही. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० जण मृत्यू पावले. अडीचशे वर्षांचा छळ ज्या समाजाला संपवू शकला नाही, त्याचे एका सकाळी एवढे झाले.

शहरातील मृतांची संख्या वर्षअखेर ७४,००० च्या घरात गेली होती, हेही येथे सांगितले पाहिजे. त्यांत बौद्ध होते, सक्तीने कामाला आणलेले कोरियन होते, युद्धकैदी होते. कॅथलिकांचे दुःख सांगताना इतरांचे विसरले जाते, तो दोष आपल्याकडून होऊ नये.

डॉक्टर ताकाशी नागाई हे नागासाकी वैद्यकीय महाविद्यालयात क्ष-किरण विभागाचे प्रमुख होते. तरुणपणी नास्तिक असलेले हे गृहस्थ उराकामीतील मोरियामा कुटुंबात भाड्याने राहत. हे घराणे पिढीजात ‘चोकाता’चे, पंचांग सांभाळणाऱ्यांचे. त्या घरच्या श्रद्धेने ते ओढले गेले, १९३४ साली त्यांनी स्नानसंस्कार घेतला, सव्वीस हुतात्म्यांपैकी पॉल मिकी यांच्यावरून पॉल हे नाव घेतले आणि त्याच घरच्या मिदोरीशी विवाह केला. क्ष-किरणांच्या सततच्या संपर्काने त्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे बॉम्ब पडण्यापूर्वीच, जून १९४५ मध्ये, निदान झाले होते. स्फोटात ते जखमी झाले, तरी अनेक दिवस रुग्णांची सेवा करीत राहिले. घरी परतले तेव्हा मिदोरीच्या अस्थींचा लहानसा ढीग आणि त्याजवळ जपमाळ, एवढेच त्यांना सापडले.

२३ नोव्हेंबर १९४५ रोजी महामंदिराच्या भग्नावशेषांपुढे मृतांसाठी मिस्सा झाली. समाजाच्या वतीने नागाई बोलले. त्यांनी एकेक योग लोकांपुढे मांडला. बॉम्ब दुसऱ्या शहरासाठी होता, ढगांमुळे तो येथे आला. ९ तारखेच्या मध्यरात्री महामंदिर पेटले आणि त्याच सुमारास सम्राटाने युद्ध थांबवण्याचा निर्णय घेतला. १५ ऑगस्टला, मारियेच्या सणाला, जगाला शांती मिळाली. हे महामंदिर मारियेलाच अर्पण केलेले. मग हे केवळ योगायोग म्हणायचे का, असा त्यांचा प्रश्न होता. युद्धाच्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून उराकामीचा निष्कलंक कोकरू देवाने होमबली म्हणून स्वीकारला, असा अर्थ त्यांनी लावला आणि देवाचे आभार मानले.

हे शब्द बोलणारा माणूस विधुर होता, मरणपंथाला लागलेला होता आणि समोर बसलेल्यांपैकी प्रत्येकाने कोणाला तरी जाळले किंवा पुरले होते. बाहेरचे लोक म्हणत होते की परक्या देवाला भजल्याबद्दल उराकामीला ही शिक्षा झाली. त्या टोमण्याला नागाईंनी उत्तर दिले: आमची माणसे शिक्षेने मेली नाहीत, ती बली गेली. शोकाकुल माणसांना त्या दिवशी त्या शब्दांनी उभे केले, यात शंका नाही.

परंतु शब्दांचे आयुष्य त्या दिवसापुरते नसते. नागाईंची पुस्तके देशभर गाजली आणि होमबलीचा हा अर्थ उराकामीचा अधिकृत अर्थ होऊन बसला. स्वतः बॉम्बमधून वाचलेले नागासाकीचे कवी यामादा कान यांनी १९७२ साली त्यावर कठोर टीका केली. देवाच्या योजनेची भाषा केली की ज्यांनी युद्ध सुरू केले आणि ज्यांनी बॉम्ब टाकला, ते दोघेही सुटतात, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. आक्षेप जिव्हारी लागणारा आहे. होमबली म्हटल्यावर तक्रार कोणाकडे करायची? अनेक वाचलेले भाविक वर्षानुवर्षे गप्प राहिले.

आणि कोकुराचे काय? तेथील माणसांना आपण कशातून सुटलो हे नंतर कळले. ‘कोकुराचे नशीब’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. उराकामीचे लोक देवाने निवडले, असे म्हटले तर कोकुराचे लोक त्याने नाकारले, असे म्हणायचे का? की वाचवले? एका खोऱ्यावर ढग होता आणि दुसऱ्यावर फट होती, एवढ्यावरून देवाचे मन वाचू गेलो की असल्या कोड्यात सापडतो. संत लूकच्या शुभवर्तमानात (१३:४) सिलोआमचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे. ते इतरांहून अधिक पापी होते असे तुम्हाला वाटते काय, असे प्रभू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. ते अठरा जण का मेले, हे मात्र तो सांगत नाही. पश्चात्तापाचे बोलतो.

नागाईंना दोष देण्याचा येथे मुळीच हेतू नाही. रक्ताच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी दोन चटयांएवढ्या खोपटात उरलेले आयुष्य काढले, शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रीती करण्याच्या आज्ञेवरून त्या खोपटाचे नाव ठेवले, मिळालेल्या पैशांतून उराकामीत चेरीची झाडे लावली. १ मे १९५१ रोजी ते वारले. युद्धाची तयारी पुन्हा होऊ नये म्हणून ते शेवटपर्यंत लिहीत होते. आपल्या माणसांच्या मरणाला अर्थ असावा असे वाटणे आणि त्या अर्थाचा दाखला योगायोगांत शोधणे, यांतील पहिली गोष्ट कोणालाही टाळता येत नाही. दुसरीविषयी सावध राहावे, इतकेच म्हणणे आहे.

२५ फेब्रुवारी १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे हिरोशिमाला आले. त्यांच्या भाषणाचे पहिलेच वाक्य होते की युद्ध हे माणसाचे कृत्य आहे. तेथून ते नागासाकीला गेले. कारणांची साखळी माणसाच्या दारात आणून ठेवणारे ते वाक्य होते. ते ऐकल्यावर आपल्याला बोलायला मोकळीक मिळाली, असे उराकामीच्या काही वृद्धांनी पुढे सांगितले आहे.

ती मोकळीक केवळ बळींनाच हवी होती असे नाही. तिनियन बेटावर त्या वैमानिकांचे कॅथलिक चॅपलेन होते फादर जॉर्ज झाबेल्का. आपल्याच श्रद्धेची माणसे, आपल्याच श्रद्धेच्या शहरावर बॉम्ब टाकायला निघाली आणि आपण एक शब्दही बोललो नाही, या जाणिवेने त्यांचे उत्तरायुष्य बदलून गेले. १९८०च्या दशकात त्यांनी जपानला जाऊन क्षमा मागितली.

आता मूर्तीची आणि घंटांची गोष्ट. ऑक्टोबर १९४५ मध्ये युद्धावरून परतलेला एक ट्रॅपिस्ट संन्यासी मठात जाण्यापूर्वी महामंदिराच्या ढिगाऱ्यात काहीतरी आठवण शोधत होता. हाती आले ते मारियेच्या लाकडी मूर्तीचे मस्तक. गाल करपलेला, डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी. ते मस्तक त्याने कित्येक वर्षे होक्काइदोच्या मठात जपले आणि पुढे नागासाकीला परत केले. सांता मारियेची मूर्ती कोठे आहे, या १८६५ सालच्या प्रश्नाला उराकामीत आज हे मस्तक दाखवतात. २०१० साली नागासाकीचे महागुरुस्वामी जोसेफ मित्सुआकी ताकामी ते घेऊन स्पेनमधील गेर्निका येथे आणि न्यूयॉर्कला गेले. ताकामी यांचा जन्म मार्च १९४६ चा. बॉम्ब पडला तेव्हा ते आईच्या उदरात होते.

महामंदिराच्या दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्याखाली शाबूत सापडली. १९४५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला तिवईला टांगून ती वाजवण्यात आली. नागाईंच्या सर्वांत प्रसिद्ध पुस्तकाचे नाव तिच्यावरूनच आहे. दुसरी फुटली होती. १९५९ साली नवे महामंदिर उभे राहिले, तरी उत्तरेचे घंटाघर रिकामेच राहिले. अणुबॉम्ब प्रकल्पावर डॉक्टर असलेल्या एका अमेरिकन गृहस्थाचा नातू पुढे प्राध्यापक झाला. आजोबांच्या इतिहासाचा शोध घेत तो उराकामीत पोहोचला, तेव्हा तेथील एका भाविकाने त्याच्याजवळ त्या रिकाम्या घंटाघराचा विषय काढला. अमेरिकेतील कॅथलिक भाविकांनी वर्गणी काढली आणि नवी घंटा ओतली गेली. ९ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी, ऐंशी वर्षांनंतर प्रथमच, दोन्ही घंटाघरांतून एकदम नाद झाला.